सातवा दिवस आणि वर्षाची मुदत



आपल्या घरात बाळ जन्मले की काही गोष्टी कुणी कुणाला सांगाव्या लागत नाहीत. बाळाच्या कानात अजान दिली जाते. नानी सातवा दिवस मोजू लागते. अकीक्याच्या बकऱ्याची चौकशी सुरू होते. नाव कोणते ठेवायचे यावरून दादी आणि नानी यांचे फोनवर फोन होतात. हे सगळे वेळच्या वेळी होते. मागे राहतात ते कागद. बाळ गावच्या दवाखान्यात जन्मले असेल तर हा उशीर थोडक्यात निभावतो. बाळ दुबई, शारजा, कुवैत किंवा मस्कतला जन्मले असेल, तर तोच उशीर घराची झोप उडवतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. माझ्या भाचीच्या बाबतीत हे घडले आहे. तिने "खाला, लिहा, निदान दुसऱ्या कुणाला उपयोग होईल" असे म्हटले, म्हणून लिहिते आहे.

भाचीचा नवरा शारजात नोकरीला. निकाह मे महिन्यात गावी झाला, कारण तेव्हाच त्याला सुट्टी होती. दीड वर्षाने ती व्हिजिट व्हिसावर त्याच्याकडे गेली. दिवस होते, पण सातव्या महिन्यात परत यायचे आणि बाळंतपण माहेरी करायचे असे ठरले होते. तिकीटही काढले होते. मग रक्तदाब वाढला. डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली. तशीही विमान कंपन्या साधारण आठव्या महिन्यापासून डॉक्टरची चिठ्ठी मागतात आणि नववा लागला की बसूच देत नाहीत. मुलगी तिथेच जन्मली, दिवस भरायच्या आधी. दोघी सुखरूप, अल्हम्दुलिल्लाह. आम्ही इथे पेढे वाटले.

आठ दिवसांनी जावईबापूंचा फोन आला. दवाखान्याने जन्माची सूचना दिली होती, पण सरकारी दाखला मिळण्यासाठी आई-वडिलांच्या लग्नाचा दाखला हवा होता, आणि तोही साक्षांकित. निकाहनामा होता. ग्रामपंचायतीतला विवाह नोंदणीचा दाखलाही होता. पण त्याच्यावर अमिरातीला चालणारा एकही शिक्का नव्हता. दाखला नाही म्हणून बाळाचा पासपोर्ट नाही. पासपोर्ट नाही म्हणून व्हिसा नाही आणि परतीचे तिकीटही नाही. आईच्या व्हिजिट व्हिसाची मुदत संपत आलेली.

लग्नाचा मूळ कागद एका ओळखीच्या माणसाच्या हाती मुंबईला आला. माझा भाऊ त्याच्यामागे फिरला. आधी राज्य सरकारचा शिक्का, मग परराष्ट्र मंत्रालयाचा, मग अमिरातीच्या इथल्या वकिलातीचा. पहिल्या फेरीत कागद परत आला, कारण जावयाच्या नावात एका अक्षराचा फरक होता. तो दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून. मग कागद शारजाला गेला, तिथल्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का झाला, अरबीत भाषांतर झाले. जन्माचा दाखला हातात आला तेव्हा बाळ तीन महिन्यांचे होऊन गेले होते. भाची रोज दिवस मोजत होती. दिवस मोजणे तेच, पण सातव्या दिवसाचा तो आनंद त्यात नव्हता.

यातला सगळ्यांत मोठा गैरसमज असा की "दाखला मिळाला म्हणजे झाले". खरे तर परदेशात जन्मलेल्या आपल्या मुलाचे चार वेगळे टप्पे असतात आणि प्रत्येकाचे दार वेगळे आहे.

पहिला टप्पा तिथल्या सरकारचा जन्मदाखला. मूल त्या देशात, त्या दिवशी, या आई-बापांच्या पोटी जन्मले, एवढेच तो सांगतो. त्याने मूल त्या देशाचे होत नाही. आखातातला कुठलाही देश केवळ तिथे जन्मला म्हणून परदेशी आई-बापांच्या मुलाला नागरिकत्व देत नाही.

दुसरा टप्पा भारतीय वकिलातीतली नोंदणी. हाच टप्पा लोक विसरतात आणि कायद्याच्या दृष्टीने हाच सर्वांत महत्त्वाचा आहे. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात बदल होऊन ३ डिसेंबर २००४ पासून असा नियम आहे की, भारताबाहेर जन्मलेल्या मुलाच्या आई-वडिलांपैकी एक जरी भारतीय नागरिक असला, तरी जन्माची नोंद भारतीय वकिलातीत एका वर्षाच्या आत झाली पाहिजे. तरच ते मूल वंशाने भारतीय नागरिक ठरते. वर्ष उलटले तर केंद्र सरकारची परवानगी लागते. म्हणजे आई भारतीय, बाप भारतीय, सात पिढ्या रत्नागिरीच्या, तरी मूल आपोआप भारतीय होत नाही. नोंद करावी लागते. अर्ज ऑनलाइन भरतात आणि त्यासोबत मुलाकडे दुसऱ्या कुठल्याही देशाचा पासपोर्ट नाही असे आई-वडिलांनी लिहून द्यायचे असते.

तिसरा टप्पा पासपोर्ट. त्याचा अर्ज वेगळा असतो. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो, पुढे नवा करून घ्यावा लागतो.

चौथा टप्पा तिथला राहण्याचा व्हिसा. अमिरातीत जन्मापासून १२० दिवसांच्या आत बाळाचा व्हिसा झाला पाहिजे, नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचा दंड चढतो. म्हणजे आपल्याकडे वर्षाची मुदत आहे म्हणून निवांत बसायची सोय नाही. तिथली चार महिन्यांची मुदत आधी येते, आणि तिच्या आत पहिले तीनही टप्पे पार पडलेले असावे लागतात.

आता नावाविषयी. यात आपल्या लोकांची फार फसगत होते. अरबी लिपीत प नाही, च नाही, ट नाही. आपल्या आडनावांत मात्र ही अक्षरे हमखास असतात. परकार अरबीत लिहिताना बरकार होतो. चौगुले यांच्या च साठी त आणि श जोडून काम भागवावे लागते. तिथला कारकून अरबीवरून इंग्रजी लिहू लागला तर बापाच्या पासपोर्टवर परकार आणि मुलीच्या दाखल्यावर बरकार. घरात आपण हसतो, पण वकिलातीच्या खिडकीवर विचारतात, "ही मुलगी तुमचीच कशावरून?" म्हणून दाखला छापण्याआधी मसुदा दाखवतात तेव्हा घाई करू नका. बाळाचे नाव, आईचे नाव, बापाचे नाव, आडनाव, जन्मतारीख, सगळे पासपोर्ट शेजारी ठेवून अक्षर अक्षर ताडून पाहा. अरबी वाचता येत असेल तर तेही पाहा. कुराणशरीफ वाचणाऱ्या आपल्या घरांत अरबी अक्षरे ओळखणारे कुणी ना कुणी असतेच.

मोहम्मद या एका नावाचे इंग्रजी स्पेलिंग आपल्याकडे चार-पाच प्रकारे चालते. शाळेच्या दाखल्यावर एक, आधारवर दुसरे, पासपोर्टवर तिसरे. परदेशात पासपोर्टवरचे स्पेलिंग तेच खरे. बायकांच्या बाबतीत आणखी एक गाठ असते. पासपोर्टवर माहेरचे नाव, लग्नाच्या दाखल्यावर सासरचे. दोन्ही नावे एकाच बाईची आहेत हे आपल्याला ठाऊक असते, कागदाला ठाऊक नसते. पासपोर्टमध्ये पती-पत्नीचे नाव आधीच घालून घेतले तर ही गाठ बाळंतपणाच्या धावपळीत सोडवावी लागत नाही.

आणि बाळाचे नाव एकाच शब्दाचे ठेवून आडनावाचा रकाना रिकामा सोडू नका. पासपोर्टवर एकच शब्द असलेल्या माणसाला २१ नोव्हेंबर २०२२ पासून अमिरातीच्या व्हिजिट व्हिसावर प्रवेश मिळत नाही. बाळाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव, ही आपली जुनी रीतच इथे कामाला येते.

माझ्या भाचीचे काम उशिरा का होईना, वर्षाच्या आत झाले. सगळ्यांचे होत नाही. मागे एका बहिणीने रडत फोन केला होता. तिच्या मुलाची कंपनी बंद पडली, पगार थकला, व्हिसा संपला. त्या भीतीपोटी त्यांनी बाळाचा कुठलाच अर्ज कुठे केला नाही. आपणच बेकायदा राहतो आहोत, मग खिडकीवर कसे जायचे? नातू दीड वर्षाचा झाला तरी त्याच्या नावाचा एकही सरकारी कागद नव्हता. २०२४ मध्ये १ सप्टेंबरपासून ३१ डिसेंबरपर्यंत अमिरातीने मुदत संपलेल्यांसाठी माफीची योजना ठेवली होती, तिथे जन्मून कागद न झालेल्या मुलांनाही त्यात जागा होती. त्यातून ते कुटुंब सुटले. पण माफी काही दरवर्षी येत नाही. भीती वाटते म्हणून न जाणे हे सगळ्यांत महाग पडते. वर्ष उलटले असले तरी जा, उशिराचे खरे कारण लिहून द्या. कायद्याने परवानगीचा रस्ता ठेवलेला आहे. तो लांबचा आहे, बंद नाही.

या लांबच्या रस्त्याला कंटाळून काही जण एक जवळची वाट काढतात, तिच्याविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. "आणा मूल इकडे, आपल्या ग्रामपंचायतीत नोंद करून टाकू, सुईणीच्या हातचे बाळंतपण म्हणून." असा सल्ला देणारा माणूस प्रत्येक गावात भेटतो. ऐकू नका. मूल शारजात जन्मले तर ते शारजातच जन्मले. खोट्या नोंदीने एका मुलाचे दोन जन्म तयार होतात. पुढे शाळा, पासपोर्ट, नोकरी, परदेशी व्हिसा, कुठेतरी ते दोन कागद समोरासमोर येतात. तेव्हा उत्तर द्यायला आपण असू की नसू, मूल मात्र असेल. ज्या खोट्यात त्याचा काही दोष नव्हता त्याची सजा त्याने का भोगावी? आणि हराम-हलालचा हिशेब आपण केवळ ताटापुरता ठेवत नाही.

इकडे कायमचे परतणाऱ्यांसाठी एक खरी तरतूद आहे. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार, वकिलातीत जन्माची नोंद झालेली नसेल आणि आई-वडील भारतात स्थायिक व्हायला आले असतील, तर मूल भारतात पोचल्यापासून ६० दिवसांच्या आत इथे जन्मनोंद करता येते. पण ती जन्माची नोंद झाली. नागरिकत्वासाठी वकिलातीतल्या नोंदणीचा नियम वेगळा आहे, एकाने दुसरे भागत नाही.

काही वाचकांची मुले अमेरिकेत, इंग्लंडमध्ये आहेत. तिथली गोष्ट थोडक्यात सांगते. अमेरिकेत जन्मलेले मूल सहसा जन्मानेच तिथले नागरिक होते. त्याचा अमेरिकी पासपोर्ट काढला तर भारतीय पासपोर्ट मिळत नाही, मग ओसीआय कार्ड काढतात. इंग्लंडमध्ये १९८३ पासून केवळ जन्माने नागरिकत्व नाही. आई-बाप दोघेही कामाच्या तात्पुरत्या व्हिसावर असतील तर मूल भारतीयच राहते, म्हणून वर्षाच्या आतली वकिलातीतली नोंद तिथेही चुकवू नये. इंग्लंडमध्ये स्थानिक जन्मनोंद ४२ दिवसांत करायची असते.

आता सासू-सुनांनी मिळून करायची कामे सांगते. ही कामे परदेशातली नाहीत, आपल्या घरातली आहेत.

एक. निकाह झाला की त्याच सुट्टीत विवाह नोंदणी करा. निकाहनामा जमातीच्या दप्तरात आहे एवढ्यावर थांबू नका. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्याने विवाह नोंदणी सगळ्यांना लागू आहे.

दोन. मुलगा परदेशी नोकरीला असेल तर सून तिकडे जाण्याआधीच दाखल्यावर सगळे शिक्के करून घ्या. केवळ महिनाभरासाठी जाणार असली तरी. बाळ तारीख पाहून येत नाही.

तीन. दोघांच्या पासपोर्टवर एकमेकांची नावे बरोबर आहेत का, ते दिवस राहण्याआधी पाहा.

चार. बाळाचे नाव जन्माआधीच दोन-तीन ठरवून ठेवा, इंग्रजी स्पेलिंगसकट. दादी-नानीचा वाद आधीच मिटवा.

पाच. जन्म झाला त्या दिवशीच दोन तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा: १२० वा दिवस आणि वर्ष पूर्ण होण्याचा दिवस. अकीक्याची तारीख आपण लिहितो, त्याच्याच खाली.

सहा. तिथला मूळ जन्मदाखला आणि वकिलातीचे नोंदणीपत्र कधीही एजंटाकडे ठेवू नका. प्रती काढून एक संच गावच्या घरी ठेवा. पंधरा वर्षांनी कॉलेजच्या प्रवेशाला तो लागेल तेव्हा तिथला दवाखाना कुठे असेल, अल्लाहला ठाऊक.

भाची गेल्या महिन्यात मुलीला घेऊन गावी आली. दादीने पहिल्यांदा नातीला मांडीवर घेतले, मग तिचा पासपोर्ट मागितला. चष्मा लावून पाहिला. "जन्मस्थान शारजा," तिने वाचायला लावले आणि तोंड वाकडे केले. "म्हणजे ही आपल्या गावची नाहीच की काय?"

भाचीने शेवटचे पान उघडून दाखवले. तिथे बापाचे नाव, आईचे नाव आणि खाली गावाचा पत्ता होता. दादीने त्या ओळीवर बोट ठेवले, पासपोर्ट मिटला आणि आपल्या कपाटात, निकाहनाम्याच्या पिशवीत ठेवून दिला. भाचीला तो परतीच्या दिवशी मागून घ्यावा लागला.

तुमच्या घरी कुणाचे दिवस भरत आले असतील, तर हे पान फाडून त्या पिशवीत ठेवा. खुदा हाफिज.