गुणपत्रिकेतील वर्गभेद

आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच इयत्तेत मागे ठेवू नये, ही शिक्षण हक्क कायद्यातील तरतूद १ एप्रिल २०१० पासून अमलात आली. २०१९ मध्ये संसदेने ती सैल केली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने पाचवी व आठवीच्या वर्गांना वार्षिक परीक्षा व तिच्याबरोबर नापासी पुन्हा लागू केली. सुखवस्तू मध्यमवर्गाने या निर्णयाचे स्वागत केले यात नवल नाही. परंतु अनेक श्रमिक पालकांनाही तो योग्य वाटला, ही गोष्ट समाजवादी कार्यकर्त्याने डोळ्यांआड करता कामा नये. आठवीतल्या मुलाला साधे पत्र वाचता येत नाही हे बापाला घरी दिसते, आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकावर मात्र ‘ब-१’ अशी श्रेणी असते. आपली फसवणूक होत आहे असे त्याला वाटले तर तो चुकत नाही. पुरोगामी मंडळींनी ‘नापास करू नका’ या कलमाचे रक्षण हिरिरीने केले. त्या कलमाच्या सावलीत वर्गात काय चालले आहे, याची विचारपूस मात्र फारशी केली नाही.

परीक्षा हवी की नको, हा वाद म्हणूनच चुकीच्या जागी उभा आहे. गुण नेमके कशाचे दिले जातात, हा खरा प्रश्न आहे.

महाराष्ट्राने २०१० साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धत स्वीकारली. सत्राअखेरच्या एका प्रश्नपत्रिकेवर मुलाचे भवितव्य टांगले जाऊ नये म्हणून पाचवी-सहावीला शंभरातील ५० आणि सातवी-आठवीला ४० गुण आकारिक मूल्यमापनासाठी राखून ठेवण्यात आले. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रयोग, उपक्रम, प्रकल्प, पुस्तकासह चाचणी, स्वाध्याय अशी त्याची साधने ठरली. कल्पना उदात्त होती, हे आजही मान्य केले पाहिजे. पण निवडणूक, जनगणना आणि न संपणाऱ्या ऑनलाइन माहितीच्या तक्त्यांत अडकलेल्या शिक्षकाने प्रत्येक मुलाचे निरीक्षण कधी करावे, याचा विचार शासनाने केला नाही. मग बाजारात वर्णनात्मक नोंदींच्या तयार पुस्तिका आल्या. ‘उपक्रमात उत्साहाने सहभागी होतो’ हे वाक्य एकाच बैठकीत तीस-चाळीस नावांपुढे उतरवले जाऊ लागले, आणि त्यांत तीन महिने शाळेत न आलेल्या मुलाचेही नाव असे. शिक्षकांचे कामाचे ओझे खरे आहे. तरीही ही नक्कल शिक्षक संघटनांनी निमूटपणे चालू दिली, याचा दोष त्यांच्याकडे राहतोच.

प्रकल्पाची गोष्ट याहून गंभीर आहे. प्रकल्पवहीत चिकटवलेली चित्रे छापून आणायला पैसे पडतात, पुठ्ठा आणि रंगीत कागद विकत घ्यावा लागतो, आणि सर्वांत महाग म्हणजे शिकलेल्या आईबापाचा मोकळा रविवार लागतो. रोजंदारीवर जाणाऱ्या घरात यांपैकी काहीच नसते. त्या घरातले मूल हाताने काढलेले एक वाकडे चित्र आणते आणि ‘मांडणीत सुधारणा आवश्यक’ असा शेरा घेऊन परतते. गुण मुलाच्या नावावर पडतात, मोजली जाते ती घरची ऐपत.

भाषेचेही तसेच. सातपुड्यातले पावरी बोलणारे किंवा मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल विज्ञानाच्या तोंडी कामाला उभे राहते. बी कसे रुजते, कोंब कोणत्या बाजूने फुटतो, पाणी जास्त झाले तर काय होते, हे त्याने बांधावर बसून पाहिलेले असते. ‘अंकुरण’ हा पुस्तकी शब्द मात्र त्याला वेळेवर आठवत नाही, आणि विज्ञानाचे गुण भाषेसाठी कापले जातात. भाषा शिकवायची असेल तर ती भाषेच्या तासाला शिकवावी आणि तिथे तपासावी. विज्ञानाच्या गुणांत तिचा दंड वसूल करणे न्याय्य नव्हे.

आता याच जमिनीवर नापासी उभी केली आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांची बिऱ्हाडे दिवाळीच्या सुमारास निघतात आणि हंगाम आटोपून मार्च-एप्रिलमध्ये परततात. हंगामी वसतिगृहांत काही मुले गावी राहतात; बाकीची कोपीवर धाकट्या भावंडांना सांभाळतात. दुसरे सत्र त्यांच्या वाट्याला येतच नाही, आणि परतल्याबरोबर समोर आठवीची वार्षिक परीक्षा असते. नापास झालेल्या मुलाला जादा अध्यापन द्यावे व निकालापासून दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावी, असे कायदा सांगतो. पण ते दोन महिने बहुतांशी उन्हाळ्याच्या सुटीत जातात. शाळेला कुलूप असताना हे अध्यापन कोण आणि कोठे करणार? (‘नापास’ हा अर्धा फारसी, अर्धा इंग्रजी शब्द राज्यातल्या कोणत्याही निरक्षर आईला समजावून सांगावा लागत नाही. ‘जादा अध्यापन’ हा शुद्ध शब्द मात्र तिच्या कानावर अद्याप पडलेला नाही.)

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन केले तेव्हा शिष्यवृत्त्यांचा प्रश्न काढला होता. स्पर्धेने शिष्यवृत्ती देणे तत्त्वतः समान दिसत असले, तरी त्यामुळे मागे राहिलेल्या वर्गांत विद्येचा प्रसार होत नाही, असा त्यांचा मुद्दा होता. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका म्हणजे न्याय, असे आजही मानणाऱ्यांनी ते निवेदन काढून वाचावे.

कार्यकर्त्यांच्या हाताशी एक साधन आहे. कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती नेमली आहे. तिचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि दुर्बल घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात प्रतिनिधित्व द्यावे लागते. अनेक गावांत ही समिती सह्यांपुरती उरली आहे. तिथे जाऊन बसले पाहिजे. प्रकल्प शाळेच्या वेळेत, शाळेच्या साहित्याने आणि वर्गातच व्हावा, असा ठराव समितीने जूनमध्येच करावा. गुण कशाला आणि किती, हे मुलांना आधी सांगितले जावे आणि तपासलेली उत्तरपत्रिका मुलाच्या हाती परत यावी. स्थलांतरित मुलाचे शिक्षण हमी कार्ड ज्या शाळेत गेले, तिथल्या नोंदी परतल्यावर जुळवून घ्याव्यात, आणि परतल्याच्या दिवसापासून निदान काही आठवडे शिकवल्याखेरीज त्याची परीक्षा घेऊ नये. मे महिन्यात निकाल लागेल तेव्हा समितीने नापास मुलांची यादी मागावी. त्यांतील किती मुले स्थलांतरितांची, किती आदिवासींची, किती भूमिहीनांची, हे पाहावे. पुढे प्रत्येक नावापुढे जादा अध्यापन कोणी, कोणत्या तारखांना आणि किती तास केले याची नोंदवही ठेवायला लावावी, आणि तिच्यावर पालक सदस्यांची सही झाल्याखेरीज एकाही मुलाला आठवीत बसवून ठेवू देऊ नये.