आधी नियम सांगा, मग विजेता

शुगर रे रॉबिन्सन विरुद्ध फ्लॉइड मेवेदर. थॉमस हर्न्स विरुद्ध टेरेन्स क्रॉफर्ड. हेन्री आर्मस्ट्राँग विरुद्ध मॅनी पॅकियाओ. बॉक्सिंगचे चार शौकीन एकत्र आले की वेल्टरवेटच्या, म्हणजे १४७ पौंडांच्या गटातल्या या लढती लागतातच. गावसकर की तेंडुलकर हा वाद जसा चहा संपला तरी संपत नाही, तसंच हे. मजा येते, मलाही येते. पण या वादात दोन पार्ट्या हमखास असतात आणि मला दोन्ही पटत नाहीत.

पहिली पार्टी म्हणते, आजचा आहार, आजचं विज्ञान, आजचा सराव. जुने लोक टिकलेच नसते. दुसरी म्हणते, छे, खरे मर्द ते पंधरा राउंड लढणारे. हल्लीचे बारा राउंडवाले नाजूक. दोघंही एक गोष्ट गिळून टाकतात. लढत कोणत्या नियमांनी होणार?

१६ सप्टेंबर १९८१, लास वेगास. शुगर रे लेनर्ड विरुद्ध हर्न्स. तेरा राउंड झाले तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर हर्न्स पुढे होता. लेनर्डचा डावा डोळा सुजून जवळजवळ मिटला होता. चौदाव्या राउंडमध्ये लेनर्डनं हर्न्सला दोरांपाशी गाठून असा झोडपला की रेफ्रीला लढत थांबवावी लागली. आज हीच लढत बाराव्या राउंडला संपली असती आणि हात हर्न्सचा वर गेला असता. कुणी म्हणेल, बाराच राउंड आहेत हे माहीत असतं तर लेनर्ड वेगळा लढला असता. अहो, तेच तर सांगतोय! तीच दोन माणसं, तोच दिवस, फक्त नियम बदलला तर निकाल उलटू शकतो. मग साठ-सत्तर वर्षांच्या अंतरावरचे दोघे समोरासमोर उभे करून तुम्ही छातीठोकपणे निकाल कसा सांगता?

बरं, नियम एकच बदललेला नाही. पूर्वी वजन लढतीच्याच दिवशी होत असे. आता आदल्या दिवशी होतं. मग रात्रीतून पाणी, जेवण पोटात जातं आणि रिंगमध्ये उतरणारा माणूस १४७ पौंडांचा राहिलेलाच नसतो. रॉबिन्सन पंचवीस वर्षांत दोनशेच्या आसपास लढती लढला. मेवेदर एकवीस वर्षांत पन्नास लढला आणि पन्नासही जिंकला. आर्मस्ट्राँगनं १९३९ च्या एका ऑक्टोबर महिन्यात पाच वेळा विश्वविजेतेपद राखलं. हे आकडे शेजारी शेजारी ठेवून ‘अपराजित म्हणून श्रेष्ठ’ असं म्हणणं म्हणजे रोज रानात राबणाऱ्याचे आणि वर्षातून दोनदा शेतावर जाणाऱ्याचे हात शेजारी ठेवून घट्टे मोजणं.

आणि काळाला काळ भिडला तर काय होतं, हे एकदा घडलंही आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये रॉबिन्सन आणि आर्मस्ट्राँग खरोखर लढले. रॉबिन्सन गुणांवर जिंकला. तो बावीस वर्षांचा, आर्मस्ट्राँग तिशीत आणि शंभराहून जास्त लढतींनी झिजलेला. त्यातून काय सिद्ध झालं? तरुण माणूस थकलेल्याला हरवतो, एवढंच.

आता ‘हल्लीचे नाजूक’ म्हणणाऱ्यांकडे वळतो, कारण माझा खरा राग तिथे आहे. पंधराचे बारा राउंड खेळाडू घाबरले म्हणून झाले नाहीत. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध लढताना दक्षिण कोरियाचा किम डुक-कू चौदाव्या राउंडमध्ये पडला आणि काही दिवसांत गेला. ती लाइटवेटची लढत होती. त्यानंतर आधी एका संघटनेनं आणि काही वर्षांत इतरांनी राउंड कमी केले. वेल्टरवेटचा इतिहासही कोरडा नाही. १९४७ मध्ये रॉबिन्सनशी लढून जिमी डॉयल दुसऱ्या दिवशी मेला. मार्च १९६२ मध्ये एमिल ग्रिफिथनं मारलेल्या ठोशांनी बेनी पॅरेट कोसळला तो टीव्हीवर लोकांच्या डोळ्यांदेखत. दहा दिवसांनी तोही गेला. सतराव्या वर्षी विश्वविजेता झालेला आणि पुढे वेल्टरवेटचा किताबही मिळवलेला विल्फ्रेड बेनितेझ मेंदूला बसलेल्या मारामुळे तरुणपणीच परावलंबी झाला. ‘पंधरा राउंडचं खरं बॉक्सिंग’ असं उसासे टाकत लिहिताना या नावांवरून नजर फिरवा. ते तीन राउंड कुणीतरी जीव देऊन कमी करून घेतलेत. गादीवर बसून ते परत मागायला आपलं काय जातं?

माझं म्हणणं कल्पना करू नका असं नाही. पण कल्पनाच करायची तर जी लढत होऊ शकत होती आणि होऊ दिली नाही, तिची करा. पिट्सबर्गचा चार्ली बर्ली घ्या. रॉबिन्सनच्याच काळातला, वेल्टर आणि मिडलवेटमधला कृष्णवर्णीय बॉक्सर. १९४४ मध्ये यानं आर्ची मूरला हरवलं. तो मूर पुढे लाइट-हेवीवेटचा विश्वविजेता झाला. बर्लीला मात्र किताबाची एकही लढत मिळाली नाही. पुढे त्यानं आपल्या शहरात कचरा उचलण्याची नोकरी केली. खुद्द रॉबिन्सनला सत्तरहून जास्त लढती जिंकल्यावर, १९४६ च्या डिसेंबरात, पहिली किताबी लढत मिळाली. त्या काळी किताबाच्या वाटा कुणाच्या मुठीत होत्या, हे काही गुपित नाही.

आज मूठ बदलली, पकड तीच आहे. मेवेदर-पॅकियाओच्या वाटाघाटी २००९-१० मध्ये सुरू झाल्या आणि लढत झाली २ मे २०१५ ला, दोघांचा बहर ओसरल्यावर. गल्ला विक्रमी जमला, लढत फिकी झाली. क्रॉफर्ड आणि एरॉल स्पेन्सही वर्षानुवर्षं ताटकळत ठेवून २०२३ मध्ये भिडले. मेलेल्यांच्या लढती आपण फुकट लावत बसतो आणि जिवंत माणसांच्या लढती अडवून ठेवणाऱ्यांना कुणी जाब विचारत नाही. त्यांना याहून सोयीचं काय असणार?

म्हणून पुढच्या वेळी कुणी विचारलं, ‘रॉबिन्सन की मेवेदर?’, तर मी आधी तीन प्रश्न विचारणार. राउंड किती? वजन कधी? आणि पैसे कुणाच्या खिशात? उत्तरं आणा, मग रात्रभर भांडू.