बुरशीजन्य मेनिंजायटिस: हिशेब कुपीचा नको, संपूर्ण उपचाराचा हवा



एचआयव्हीबाधित व्यक्तीच्या रक्तातील सीडी-४ पेशी, ज्यांच्यावर शरीराची प्रतिकारशक्ती उभी असते, त्या घनमिलिमीटरमागे 100 च्या खाली उतरल्या की माती व कबुतरांच्या विष्ठेत आढळणारी आणि श्वासावाटे शरीरात शिरलेली क्रिप्टोकॉकस ही बुरशी मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. त्यामुळे होणाऱ्या दाहास क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस म्हणतात, आणि उपचार न मिळाल्यास तो जीव घेतो. चोपडा, यावल, शिरपूर, साक्री येथील रुग्णाने डोकेदुखी अंगावर काढत अखेर जळगाव किंवा धुळ्याचे शासकीय रुग्णालय गाठले, तर तेथे कोणते औषध हाताशी आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते.

फ्लुकोनॅझोलची गोळी स्वस्त व सर्वत्र मिळणारी आहे, परंतु ती बुरशीची वाढ केवळ रोखते. अँफोटेरिसिन-बी बुरशीला मारते, मात्र त्याचे साधे इंजेक्शन रोज शिरेतून द्यावे लागते आणि त्याने मूत्रपिंडास इजा होते, पोटॅशियम घटते, रक्तक्षय होतो. आफ्रिकेतील पाच देशांत झालेल्या व 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, मेदाच्या सूक्ष्म कणांत बांधलेल्या म्हणजे लिपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि जोडीला 14 दिवस फ्लुसायटोसिन (हेही बुरशीविरोधी औषध) व फ्लुकोनॅझोल दिलेल्या गटात दहा आठवड्यांतील मृत्युदर 24.8 टक्के, तर आठवडाभर साधे इंजेक्शन व फ्लुसायटोसिन दिलेल्या गटात 28.7 टक्के राहिला. या फरकावरून नवी पद्धत सरस ठरत नाही, पण ती कमी प्रतीची नाही हे निश्चित झाले. गंभीर दुष्परिणाम तर स्पष्टपणे घटले. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी तिला प्रथम पसंती दिली.

लिपोसोमल कुपी महाग, हा आक्षेप खरा असला तरी अपुरा आहे. 50 किलो वजनाच्या रुग्णास किलोमागे 3 मिलिग्रॅमप्रमाणे 14 दिवस हे औषध दिल्यास 50 मिलिग्रॅमच्या 42 कुप्या लागतात, तर एकाच डोसच्या पद्धतीत 10 पुरतात. खाटेचे दिवस आणि रोजच्या रक्ततपासण्यांचा खर्च वाचतो तो निराळाच. चाचणी आफ्रिकेतील होती, हा दुसरा आक्षेप तर उलट तिच्या बाजूचाच पुरावा आहे, कारण अपुरे मनुष्यबळ असलेल्या सरकारी कक्षांसाठीच ती आखली होती. सावधगिरी हवी ती अन्यत्र: 2021 च्या काळ्या बुरशीच्या साथीत अँफोटेरिसिनचे इमल्शनही वापरात आले, पण चाचणीचा निष्कर्ष लिपोसोमल औषधापुरता आहे आणि तो इमल्शनला परस्पर लावता येत नाही.

खरी अडचण फ्लुसायटोसिनची आहे. वरील 50 किलोच्या रुग्णास त्याच्या 500 मिलिग्रॅमच्या 10 गोळ्या रोज, म्हणजे 14 दिवसांत एकूण 140 गोळ्या लागतात, आणि भारतात ते वर्षानुवर्षे सहज मिळाले नाही. 2023 मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाने लिपोसोमल औषध व फ्लुसायटोसिन एकत्रच खरेदी करावे, आणि एचआयव्हीवरील औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रांत सीडी-४ कमी असलेल्या प्रत्येकाची क्रिप्टोकॉकल अँटिजेनची पट्टी-चाचणी, जी काही मिनिटांत निकाल देते, करून घ्यावी. मोजक्या रुग्णांसाठी घेतलेले औषध मुदत संपून वाया जाईल अशी भीती असेल, तर दोन्ही जिल्ह्यांना मिळून एकच साठा ठेवावा. धुळे ते जळगाव हे अंतर शंभर किलोमीटरहून कमी आहे.

– एक वाचक, धुळे