देशमुखांची लेक, नाडगौडांची सून

परवा महाविद्यालयात परीक्षेचे अर्ज भरून घेत होतो. नुकतेच लग्न झालेली एक विद्यार्थिनी पेन हातात धरून थांबली. "सर, आडनाव कोणतं लिहू? माहेरचं देशमुख, सासरचं नाडगौडा." माहेर इथे निर्मलजवळ, सासर विजापूरकडे. म्हटले, "मेमोवर आहे तेच लिही बाई. तसंही तुझं आडनाव बदललंय कुठे? नुसती भाषा बदललीय!"

तिला उमगले नाही. मग सांगितले, की कन्नडमध्ये 'नाडु' म्हणजे प्रदेश आणि 'गौड' म्हणजे प्रमुख. देशमुखाचा अर्थ तोच. परगण्याचा सारा गोळा करून सरकारात भरायचा, बदल्यात इनाम जमीन, हक्क आणि मानपान घ्यायचा, असे हे वतन. खाली गावात आपले पाटील-कुलकर्णी, तर कन्नड मुलखात गौड-शानभोग.

पदवीला गावाचे नाव जोडायची रीत इंग्लंडातही आहे. जनरल लेकने १८०३ साली दिल्ली आणि लासवाडी इथे शिंद्यांच्या फौजा हरवल्या. १८०४ साली त्याला 'बॅरन' केले, तेव्हा त्या पदवीत या दोन ठिकाणांच्या जोडीला बकिंगहॅमशायरमधले ॲस्टन क्लिंटन हे गावही आले. तिकडे अशी पदवी एकट्या थोरल्या मुलाकडे जाते. लेक घराण्यात पुरुष वारस उरला नाही आणि १८४८ साली पदवीच संपली.

आपल्याकडे वडीलकीचा मान थोरल्याचा असला, तरी वतनाच्या वाटण्या भावाभावांत होत. नाव सगळ्यांनीच लावले. म्हणून पद गेले तरी आडनाव राहिले. हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्या १९४९ साली गेल्या. आंध्र प्रदेशात एन. टी. रामाराव सरकारने १९८४ साली पटेल-पटवारीही रद्द केले. लग्नपत्रिकेवर मात्र 'श्रीमंत' अजून छापून येते.

"आणि लेकींना काय मिळायचं, सर?"

या प्रश्नाशी मी अडखळलो. तिच्या सासरचा मुलूख तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथे १८८६ च्या कायद्याने वतनाच्या वारसाहक्कात बाईला घराण्यातल्या पुरुषांच्या मागे उभे केले. अपवाद शेवटच्या वतनदाराच्या विधवेचा. म्हणजे या बाबतीत विलायत आणि आपण सारखेच! हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर मात्र वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा वाटा जन्मापासून मुलाइतकाच आहे.

ती हळूच म्हणाली, "दादाने हक्कसोडपत्र आणलंय. देशमुखांच्या लेकी वाटा मागत नाहीत, म्हणतो."

वाचकहो, मला माझी ताई आठवली. तिनेही असाच कागद न वाचता सही करून दिला होता. मी शेजारीच बसलो होतो. पेन मीच दिले होते. त्यानंतर ती दर दिवाळीला येते, ओवाळते, आणि दोन एकरांचा विषय आम्ही दोघेही काढत नाही.

त्या मुलीला एवढेच सांगितले, "सही करायची की नाही ते तू ठरव. पण आधी कागद घरी आण, नीट वाच, वकिलाला दाखव. वाटा मागितला म्हणून कुणी घराण्याबाहेर जात नाही."

अर्जावर तिने माहेरचेच आडनाव लिहिले. या दिवाळीला ताई येईल, तेव्हा तो विषय मीच काढणार आहे.