फणसाखालची रेंज

पूर्वी सुट्टीला गावाकडे जायचे म्हटले की पाहुणे आधी विचारत, विहिरीला पाणी आहे ना? पुढे विचारू लागले, लाईट असते का? आता मुलाबाळांचा पहिला प्रश्न, ‘रेंज आहे का?’ आमच्या धारवाडच्या सूनबाई तोच प्रश्न आपल्या भाषेत विचारतात, ‘अत्ते, अल्लि रेंज बर्तदेन्री?’ भाषा कुठलीही असो, प्रश्न एकच. आणि खरे सांगते वाचकहो, घर ठेवायचे की विकायचे, हेच आमच्याकडे त्या प्रश्नावर येऊन ठेपले होते.

आमचे घर खानापूर तालुक्यात, जांबोटीहून कणकुंबीकडे जाणाऱ्या रस्त्याच्या थोडे आत. सासऱ्यांनी बांधलेले. जांभ्या दगडाच्या जाड भिंती, वर मंगलोरी कौले, मागे फणस. वर्षातले दहा महिने कुलूप. मुलगा आणि सून बेंगळुरूला कॉम्प्युटरच्या कामात. घरून काम करायची दोघांनाही मुभा आहे. म्हणजे नेट असेल तर महिनाभर राहता येईल, नसेल तर शनिवारी येऊन रविवारी परत! पुण्याचे धाकटे भावजी म्हणू लागले, ‘वहिनी, जिथं पोरं राहत नाहीत, ते घर कुणासाठी शाकारायचं?’ सासूबाई शेजारी बसून ऐकायच्या. बोलायच्या नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांचे माणूस बोलत नाही, तेव्हा ते ऐकणाऱ्याला जास्त लागते.

शेवटी २०२५ च्या मे महिन्यात मी ठरवले की विकायचे ते नंतर बघू, आधी नेटचे बघू. गावात विचारले तर सगळ्यांचे उत्तर ठरलेले, ‘फणसाखाली जावा, तिथं रेंज येतंय!’ खरेच, आमच्या घरातला प्रत्येक जण फोन आला की फणसाकडे पळतो. पण फणसाखाली बसून आठ तास नोकरी कशी करायची?

पहिले काम म्हणजे चौकशी. फायबरची वायर दारापर्यंत येत असेल तर मोबाईलच्या मागे लागूच नये. ग्रामपंचायतीपर्यंत भारतनेटची वायर बऱ्याच ठिकाणी पोहोचली आहे, तिथून पुढे कुणी जोडणी देतो का, हे गावातल्या केबलवाल्याला विचारावे. आमच्या वाडीपर्यंत कुणी यायला तयार नव्हते. २०२३ पासून मोठ्या कंपन्यांनी फाईव्ह-जीवर चालणारे, वायर न लागणारे घरचे इंटरनेटही सुरू केले आहे, पण ते आपल्या पत्त्यावर मिळते का, ते आधी बघावे लागते. आमच्या पत्त्यावर मिळाले नाही. मग राहिला मोबाईलच.

आता सिम कुणाचे घ्यायचे? शहरात जी कंपनी उत्तम, ती रानात उत्तम असेलच असे नाही. कंपन्यांच्या वेबसाईटवर आता रेंजचे नकाशे असतात, ते बघावेत. पण डोंगराच्या आड घर असेल तर नकाशावर फार विसंबू नये. दूधवाला, किराणा दुकानदार आणि शाळेतले गुरुजी यांना कुठले सिम वापरता, हे विचारावे. आम्ही तर भाच्या-पुतण्यांचे चार कंपन्यांचे फोन गोळा केले आणि घरभर फिरलो.

फिरतानाही एक युक्ती आहे. फोनवरच्या दांड्या मोजू नयेत, त्या फसव्या असतात. अँड्रॉईड फोनच्या सेटिंगमध्ये सिमच्या माहितीत रेंजचा खरा आकडा मिळतो. तो उणे असतो. उणे नव्वदच्या आसपास असला तर छान, उणे एकशे दहाच्या खाली गेला तर कामाची आशा नको. आमच्या माजघरात एकशे अठरा, फणसाखाली एकशे दोन आणि माळ्यावर पश्चिमेच्या झरोक्यात चक्क पंच्याण्णव! इतकी वर्षे आम्ही फणसाखाली जात होतो, आणि रेंज डोक्यावर माळ्यात बसली होती.

याचे कारण मुलाने समजावले. मोबाईलच्या लहरी वेगवेगळ्या पट्ट्यांच्या. ७००, ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्यापैकी शिरतात, पण त्यांचा वेग बेताचा. २३०० किंवा ३५०० वाल्या वेगवान, पण नाजूक. जाड भिंत आली की अडखळतात. पत्र्याचे छप्पर तर लहरी परतवूनच लावते. पावसाळ्यात भिजलेली दाट झाडीही त्या शोषून घेते. म्हणून मे महिन्यात मिळालेली रेंज जुलैत मिळेलच, असे समजू नये.

वेगही दोन वेळा तपासावा, एकदा सकाळी आणि एकदा रात्री नऊला. रात्री सगळे गाव मोबाईल बघत असते, तेव्हा टॉवरवर बाजारच्या दिवसासारखी गर्दी होते. येणाऱ्या वेगाइतकाच जाणारा वेगही बघावा. मीटिंगमध्ये आपला चेहरा आणि आवाज त्या वाटेनेच जातो. दोन्हीकडे दोन-तीन एमबीपीएस स्थिर मिळाले तरी एका माणसाची मीटिंग निभावते. क्षणात वीस आणि क्षणात शून्य, असले नेट काय कामाचे?

एका दुकानदाराने मला रेंज वाढवणारा ‘बूस्टर’ दाखवला. वाचकहो, तो घेऊ नका. परवान्याशिवाय असे यंत्र बसवणे आपल्याकडे बेकायदा आहे, आणि त्याने आपली रेंज वाढताना शेजाऱ्यापाजाऱ्यांची बिघडते. आम्ही घेतला सिम घालायचा फोर-जी राऊटर आणि बाहेर लावायचा, टॉवरकडे तोंड करणारा अँटेना. अँटेनाची केबल लांब असली की निम्मी रेंज केबलच खाते. म्हणून राऊटर वर माळ्यातच, अँटेनाजवळ ठेवला आणि तिथून साधी नेटवर्कची वायर खाली माजघरात आणली. सगळे आठ हजारांच्या आत झाले. वळवाच्या विजांची भीती असते, म्हणून अँटेनाच्या खांबाला अर्थिंग केले. ढग गडगडू लागले की वायरी काढून ठेवायच्या, हा सासूबाईंचा हुकूम!

सीमेवर राहणाऱ्यांची आणखी एक गंमत. चोर्ला घाटाच्या बाजूला कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र एकमेकांना खेटून आहेत. फोन कधी या राज्याचा टॉवर पकडतो, कधी त्या राज्याचा. पूर्वी त्यासाठी रोमिंगचे पैसे पडत. २०१७ च्या सुमारास कंपन्यांनी देशातल्या देशात ते घेणे बंद केले, म्हणून खिशाला चटका बसत नाही. पण टॉवर शोधता शोधता बॅटरी उतरते. घरातल्या राऊटरचे वाय-फाय असले की तो त्रास कमी होतो. शिवाय फोनमध्ये ‘वाय-फाय कॉलिंग’ सुरू केले की भिंतीआड रेंज नसतानाही साधा फोन लागतो. मला सगळ्यात जास्त समाधान त्याचेच. सासूबाईंना रात्री कमीजास्त झाले तर बॅटरी हातात घेऊन फणसाखाली धावायला नको. डॉक्टरांना उशापासूनच फोन लागतो.

मग सगळे सुरळीत झाले का? नाही. त्या गणपतीत मुलगा-सून बारा दिवस राहिले. दोघांचेही काम चालले, फक्त मीटिंगा एकाच वेळी नकोत, एवढे पथ्य. पण एके दिवशी पावसाने लाईट गेली. राऊटरला आम्ही छोटा यूपीएस लावला होता, पण दुपारनंतर टॉवरचीच बॅटरी संपली! त्याला आपण काय करणार? सूनबाईंनी आधीच साहेबांना सांगून ठेवले होते, म्हणून निभावले. गावात ज्यांचा टॉवर वेगळा, अशा दुसऱ्या कंपनीचे सिम फोनमध्ये तयार ठेवावे, हे त्या दिवशी ठरले. सिम वर्षभर पडून बंद होऊ नये म्हणून मधूनमधून रिचार्जही करावा लागतो.

आता कुणी म्हणेल, सुट्टीच्या घरात तरी नेट कशाला? मलाही वाटते. म्हणून दिवेलागणीला तासभर राऊटर बंद असतो. नात तेव्हा पणजीजवळ बसते, पणजी मराठीत सांगते आणि नात कानडीत प्रश्न विचारते. दोघींचे काही अडत नाही.

भावजींनी या वर्षी कौले शाकारायला आपला वाटा पाठवला. विकण्याचा विषय संपला, असे मी म्हणणार नाही. पण पैसे आल्याचे कळले तेव्हा सासूबाईंनी पहिल्यांदा तोंड उघडले. म्हणाल्या, ‘पश्चिमेकडची कौलं नीट बघून घाला, तिथं तुमचं ते यंत्र आहे.’