एका रात्रीची बिदागी, पन्नास वर्षांचा हक्क

तुळजाभवानीचे उपासक असलेले कदमराई गोंधळी लग्नकार्यानंतर यजमानाच्या अंगणात गोंधळ घालतात. दिवटी पेटते, संबळ आणि तुणतुण्याच्या साथीने देवदेवतांना आवाहन होते, मग रात्र चढेल तसे आख्यान रंगते. बिदागी त्या रात्रीपुरती. उद्याचे पोट उद्याच्या आमंत्रणावर अवलंबून. धाराशिव जिल्ह्यातील या कलेचे हे साधे अर्थशास्त्र आहे.

आभासी वास्तवाचे तंत्र ते मुळापासून बदलू शकते. कलावंताच्या अंगावर खुणा लावून त्याची प्रत्येक हालचाल अनेक कॅमेऱ्यांनी टिपता येते आणि त्याच्या गैरहजेरीत त्याची प्रतिमा नाचवता येते. डोळ्यांवर उपकरण चढवलेल्या श्रोत्याने मान वळवली की संबळाचा आवाजही दिशा बदलतो. लंडनमध्ये २०२२ साली सुरू झालेल्या ‘ॲबा व्हॉयेज’साठी स्वीडनच्या चार वृद्ध कलावंतांच्या हालचाली १६० कॅमेऱ्यांनी पाच आठवडे टिपल्या गेल्या, रंगमंचावर अवतरल्या त्या त्यांच्या तरुण प्रतिमा. स्वतःच्या अटी ठरवण्याचे सामर्थ्य त्या चौघांपाशी होते. भटक्या जमातींत गणल्या गेलेल्या गोंधळ्यापाशी ते कोठून येणार? एका रात्रीची मजुरी देऊन त्याच्या देहाची, गळ्याची आणि हातांची नोंद कोणी नेली, तर त्या श्रमाचे कायमचे भांडवल होईल आणि त्याचा मालक दुसराच असेल.

म्हणून तंत्रालाच विरोध करणे शहाणपणाचे नाही. ऊसतोडीसाठी गाव सोडलेल्या कुटुंबाला आपल्या देवीचा गोंधळ दूरवरही अनुभवता येईल. संबळ शिकणाऱ्या मुलाला गुरूचा हात हव्या त्या बाजूने, हव्या त्या गतीने पाहता येईल. कातड्यावरून उसळणाऱ्या काठीचा स्पर्श मात्र हवेत हात फिरवून मिळणार नाही. त्यासाठी गुरू जगला पाहिजे.

कायदा या बाबतीत अगदीच मुका नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग सादर करणाऱ्या कलावंताचे हक्क आले. २०१२ च्या दुरुस्तीने व्यापारी वापरातील स्वामित्वधनावर त्याचा अधिकार मान्य झाला. या हक्काची मुदत ५० वर्षांची आहे. परंतु करार वाचणारा, हिशेब मागणारा आणि गरज पडल्यास न्यायालयात जाणारा कोणी असल्याखेरीज हा अधिकार कागदावरच राहतो. एकट्या गोंधळ्याला हे झेपणारे नाही. ज्या महाराष्ट्रात ऊस आणि दूध यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या, तेथे कलावंतांची सहकारी संस्था अशक्य का मानावी?

अशा संस्थेच्या हाती मूळ नोंदीची प्रत असावी, मराठीत लेखी संमती घेतली जावी, प्रत्येक वापरामागे संबळवाल्यापासून तुणतुणेवाल्यापर्यंत सर्वांना वाटा मिळावा. सार्वजनिक पैशातून होणाऱ्या प्रत्येक चित्रणास शासनाने ही अट पहिल्या दिवसापासून लावली पाहिजे. नोंद एकदा परक्या हाती गेल्यावर केलेली हळहळ गोंधळ्याच्या चुलीला उपयोगी पडणार नाही.