फोटो लहान करण्याचं काम कुणाचं?

दहावीचा निकाल लागला की सातपूर कॉलनीतल्या माझ्या स्टुडिओत फोटो काढायला येणाऱ्यांपेक्षा ‘केबी कमी करायला’ येणाऱ्यांची गर्दी जास्त असते. त्र्यंबक रोडवरच्या सरकारी आयटीआयचा प्रवेश, पॉलिटेक्निक, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, बँकांच्या परीक्षा, सगळे अर्ज ऑनलाइन. अशोकनगर, श्रमिकनगर, शिवाजीनगरची मुलं मोबाईल पुढे करतात आणि म्हणतात, “ताई, वीस ते पन्नासमध्ये बसवून द्या ना, फॉर्म पुढेच जात नाही.” वडील एमआयडीसीत सेकंड शिफ्टला, आई दुसऱ्यांच्या घरी कामाला, आणि अर्जाची मुदत रात्री बारापर्यंत.

मी पैसे घेऊन हे काम करते, तरीही म्हणते की हे काम माझ्याकडे यायलाच नको. त्या मुलांकडेही नको. फोटो हवा त्या मापात आणणं ही अर्ज मागवणाऱ्या पोर्टलची जबाबदारी आहे.

आधी फोटो बिघडतो कसा ते सांगते, कारण बहुतेकांचा घोळ तिथेच होतो. फोटोला दोन मापं असतात. एक पिक्सेलचं, म्हणजे आडवे-उभे ठिपके किती. दुसरं केबीचं, म्हणजे फाईल किती जागा खाते. साधा मोबाईल 4000 बाय 3000 ठिपक्यांचा फोटो काढतो, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. मूल एखादं अॅप उघडतं, ‘50 केबी’ टाकतं आणि अॅप बिचारं तेवढ्याच ठिपक्यांना पिळून 50 केबीत कोंबतं. जेपेगमध्ये चित्राचे आठ बाय आठ ठिपक्यांचे चौकोन पाडले जातात आणि प्रत्येक चौकोनातला डोळ्याला कमी जाणवणारा बारीक तपशील टाकून दिला जातो. यामागचं गणित बंगळुरूत जन्मलेले नासिर अहमद आणि त्यांचे सहकारी टी. नटराजन व के. आर. राव यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलं. जगातला जवळजवळ प्रत्येक मोबाईल फोटो आज त्यावर उभा आहे. पण दाब प्रमाणाबाहेर गेला की तेच चौकोन गालावर, कपाळावर उघडे पडतात. आमच्याकडे त्याला ‘फोटो फुटला’ म्हणतात. फुटलेला फोटो पुन्हा उघडून पुन्हा सेव्ह केला की आणखी तपशील जातो, आणि गेलेला परत येत नाही.

रीत वेगळी आहे. मूळ फोटो घ्यायचा, चेहरा आणि खांदे येतील असा क्रॉप करायचा, मग ठिपके एकदाच कमी करायचे. लहान केल्यावर फोटो जरा मऊ दिसतो, म्हणून किंचित शार्प करायचा आणि शेवटी एकदाच जेपेग करायचा. 200 बाय 230 म्हणजे फक्त 46 हजार ठिपके. एवढ्या ठिपक्यांना 50 केबी भरपूर होतात, क्वालिटीला हात लावावा लागत नाही. विंडोजच्या पेंटमध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या जिंपमध्ये हे दोन मिनिटांत होतं.

पण ज्याच्या घरी कॉम्प्युटरच नाही, त्याने काय करायचं? आणि रीत माहीत असली तरी नियम नीट असायला हवेत ना.

बँक भरतीच्या आयबीपीएसच्या सूचनाच घ्या. फोटो साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा, आणि ठिपके शक्यतो 200 बाय 230. आता साडेतीन-साडेचारच्या प्रमाणात 200 रुंदीला उंची 257 लागते. म्हणजे एकतर डोक्यावरचा किंवा छातीकडचा भाग कापा, नाहीतर फोटो दाबा. मुलं दाबतात. चेहरा आडवा पसरतो आणि परीक्षा केंद्रावर ओळख पटवणारा माणूस प्रवेशपत्राकडे आणि मुलाकडे आळीपाळीने बघत बसतो. शिवाय 200 ठिपके साडेतीन सेंटिमीटरवर छापले तर इंचाला जेमतेम 145 पडतात. आम्ही लॅबला 300 देतो. प्रवेशपत्रावरचा फोटो धुरकट दिसतो त्यात प्रिंटरचाच दोष असतो असं नाही.

सहीचं तर विचारूच नका. माप 140 बाय 60, म्हणजे 8,400 ठिपके, त्यातले बहुतेक पांढरे कोरे. स्वच्छ कागदावर काळ्या पेनाने केलेली सही या मापात उत्तम क्वालिटीलाही बहुतेक वेळा 10 केबीपर्यंत पोचत नाही. आणि नियम म्हणतो, 10 ते 20 केबी! मागे एक मुलगी रडकुंडीला आली होती. एका भरतीच्या पोर्टलने तिची सही ‘फाईल लहान आहे’ म्हणून परत पाठवली होती. तिने सूचना अक्षरशः पाळल्या होत्या, माप बरोबर, सही ठसठशीत. मी ती मोठ्या मापात सेव्ह करून दिली आणि पोर्टलने निमूट घेतली. त्या सुंदर, नेमक्या सहीत चूक काहीच नव्हती.

मला खरी काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. रात्री दुकानं बंद झाल्यावर ही मुलं ‘फोटो 50 केबी’ असं शोधतात आणि जी पहिली मोफत वेबसाईट दिसेल तिच्यावर फोटो चढवतात. मग सही. मग अंगठ्याचा ठसा. मग आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला. ती वेबसाईट कोण चालवतं, फाईल किती दिवस ठेवते, कुणाला देते, याचा पत्ता नसतो. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाचा चेहरा, सही आणि ठसा एकत्र कुण्या अनोळखी माणसाच्या हाती जातात, आणि त्याला तिकडे ढकलणारा असतो एक केबीचा नियम. एरवी ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून आपण मुलांना बजावतो.

लाखो अर्ज येतात, सर्व्हरवर जागा कशी पुरणार, असं कुणी म्हणेल. हिशेब करू. दहा लाख अर्जदारांचे 50 केबीचे फोटो म्हणजे 50 जीबी. तेच फोटो 5 एमबीचे धरले तर 5 टीबी, आणि एवढी हार्ड डिस्क आज कॉम्प्युटरच्या दुकानात विकत मिळते. पण एवढं साठवायचीही गरज नाही. पोर्टलने मोठा फोटो घ्यावा, हव्या मापात करावा आणि मूळ पुसून टाकावा. हे करणारं इमेजमॅजिकसारखं मोफत सॉफ्टवेअर 1990 पासून उपलब्ध आहे. मोठ्या फाईली चढवताना शेवटच्या दिवशी नेट अडखळतं हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. त्यावरही उपाय आहे. अर्जाच्या पानालाच फोटो मुलाच्या मोबाईलमध्ये लहान करून मग पाठवता येतो. चेहऱ्याभोवती चौकट दाखवावी, मुलाने बोटाने सरकवावी, बाकीचं पानाने बघावं.

ब्रिटनच्या पासपोर्टचा ऑनलाइन अर्ज 50 केबीपासून 10 एमबीपर्यंतचा फोटो घेतो आणि किमान 600 बाय 750 ठिपके मागतो. म्हणजे तिथे आग्रह फोटो पुरेसा स्पष्ट असावा याचा आहे. आपल्याकडेही यूपीएससीने वरची मर्यादा 50 केबीच्या बरीच वर नेलेली आहे. मग आयटीआयच्या फिटर-वेल्डरच्या जागेसाठी धडपडणाऱ्या मुलालाच वीस-पन्नासच्या चिमटीत का धरायचं? ज्याच्याकडे साधनं सगळ्यात कमी, त्याच्यावरच हा ताप सगळ्यात जास्त पडतो.

राज्याच्या प्रवेश आणि भरतीच्या पोर्टलांनी पुढच्या जूनच्या आत एवढं करावं: खालची केबीची अट काढावी, वरची किमान 5 एमबी करावी, मापाचं काम स्वतःकडे घ्यावं आणि अर्ज पक्का करण्याआधी मुलाला त्याचा फोटो प्रवेशपत्रावर दिसेल तसा दाखवावा. धुरकट असेल तर त्याला तेव्हाच कळेल, परीक्षेच्या दारात नाही.

तोवर पालकांना एक विनंती. स्टुडिओत फोटो काढलात की पेनड्राईव्हवर किंवा ई-मेलने मूळ फाईल मागून घ्या, तो तुमचा हक्क आहे. व्हॉट्सअॅपवर घेणार असाल तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, कारण साधा फोटो म्हणून पाठवला की व्हॉट्सअॅप तो स्वतःच दाबतं, आणि एचडी निवडलं तरी थोडा दाबतंच. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि प्रत्येक नवा अर्ज तिच्यावरूनच करा, मागच्या अर्जासाठी लहान केलेल्या फोटोवरून करू नका.

आमच्या कॉलनीतलं कुणी अर्जाच्या शेवटच्या रात्री अडकलं असेल, तर माझं दुकान दहावीच्या प्रवेशाच्या दिवसांत साडेदहापर्यंत उघडं असतं.